मदतीचं रील टाकणाऱ्याचा हेतू विचारावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडच्या तुमच्या सोसायटीतला एक ग्रुप महिन्यातून एका रविवारी परळला जातो आणि कर्करोगाच्या टाटा हॉस्पिटलच्या आसपास फूटपाथवर राहणाऱ्या रुग्णांना, त्यांच्या नातेवाइकांना जेवण देतो. त्यातला एक मित्र दर वेळी व्हिडिओ काढतो, त्याला गाणं लावतो आणि संध्याकाळपर्यंत टाकून मोकळा होतो. तुम्ही त्याला म्हणालात की ही सेवा नाही, नाव कमवायची सोय आहे. तो म्हणाला, हे बघून आणखी लोक पुढे येतात, आणि आधी तू काय करतोस ते सांग. त्यावरून ग्रुपमध्ये दोन तट पडले. दुसऱ्याच्या हेतूवर बोट ठेवायचा अधिकार आपल्याला आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी परळ भागातच वैद्यकीय समाजसेविका म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर दोन-तीन लहान कौटुंबिक ट्रस्टांकडे येणारे मदतीचे अर्ज तपासून देते. देणारे आणि मागणारे, दोघंही माझ्या टेबलासमोर बसत आले आहेत. त्या अनुभवावरून माझं उत्तर असं की प्रश्न जरूर विचारा, पण मित्राच्या मनात काय आहे हे विचारू नका. त्याचं उत्तर तुम्हाला मिळणार नाही, आणि बऱ्याचदा ते त्यालाही ठाऊक नसतं. प्रसिद्धीमुळे मदतीत काय बदललं आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे विचारा. याची उत्तरं उघड्या डोळ्यांनी दिसतात.

माणसाचा हेतू सहसा एकच नसतो. आईच्या पुण्यतिथीला जेवण देणारा असतो, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कर वाचवायला चेक फाडणारा असतो, निवडणुकीच्या आधी अचानक दानशूर होणारा असतो. हे तिन्ही एकाच माणसात नांदताना मी पाहिले आहेत. मुंबईतली जुनी रुग्णालयं बघा. १८४५ मध्ये सुरू झालेलं जे.जे. रुग्णालय ज्यांच्या नावानं ओळखलं जातं त्या जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती चीनशी केलेल्या कापूस आणि अफूच्या व्यापारातून आली होती. त्यांनी ती देणगी पुण्यासाठी दिली, मानासाठी दिली की शहराच्या कळवळ्यानं दिली, यावर आज कितीही वाद घाला. त्या वॉर्डांतून पिढ्यान्‌पिढ्या गरीब माणूस बरा होऊन घरी गेला, हे मात्र वादापलीकडचं आहे. प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाच्या मनोऱ्यासाठी पैसे दिले आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या त्या मनोऱ्याला आपल्या आईचं, राजाबाईंचं नाव लावलं. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी के.ई.एम. रुग्णालयाशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी दिली तेव्हा नाव तर लावलंच, वर अटही घातली की तिथे भारतीय डॉक्टरच नेमले जावेत. ते महाविद्यालय १९२६ साली सुरू झालं; इंग्रजांच्या राज्यात ही अट साधी नव्हती.

म्हणून देणाऱ्याचं नाव झळकलं एवढ्यावरून मी नाक मुरडत नाही. नाव लावून घ्यायची हौस या शहराला पहिल्यापासून आहे आणि त्या हौसेतून या शहराला रुग्णालयं, वाचनालयं, पाणपोया मिळाल्या. पण त्या दगडावर कोरलेलं नाव देणाऱ्याचं आहे. ज्याला खाट मिळाली त्याचं नाव, त्याचं गाव, त्याचा आजार तिथे कोरलेला नाही. तुमच्या मित्राच्या व्हिडिओत नेमकं उलटं होतं. नाव देणाऱ्याचं मोठं होतं आणि चेहरा घेणाऱ्याचा वापरला जातो. माझा आक्षेप इथे आहे, आणि तो ठाम आहे.

त्या फूटपाथवर कोण असतं, याचा जरा विचार करा. बीड, यवतमाळ, बिहार, झारखंडहून आलेली माणसं. घर गहाण टाकून किंवा जनावर विकून आलेली. अनेकांनी गावात सांगितलेलंच नसतं की कॅन्सर आहे. ‘पोटाच्या दुखण्यासाठी मुंबईला नेलंय’ एवढंच भावकीत माहीत असतं. का सांगत नाहीत, तर मुलीचं लग्न ठरायचं असतं, किंवा सावकार वसुलीला घाई करेल ही भीती असते, किंवा रुग्णालाच अजून पूर्ण सांगितलेलं नसतं. हे शेवटचं फार घरांत असतं. नवऱ्याला गाठ साधी आहे म्हणून सांगितलेलं असतं आणि खरं फक्त बायकोला आणि मोठ्या मुलाला माहीत असतं. अशा बाईचा डोक्यावर पदर घेतलेला, हातात पत्रावळ धरलेला चेहरा ‘कॅन्सरग्रस्तांना अन्नदान’ या मथळ्याखाली फिरू लागतो. मोबाइल आज गावातही प्रत्येक हातात आहे. तो व्हिडिओ तिच्या दिराच्या फोनवर पोहोचायला दोन दिवसही लागत नाहीत. माझ्यासमोर बसून अशा बायका रडल्या आहेत. जेवणाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. जेवण चांगलं होतं, असंच त्या सांगत.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘आम्ही विचारूनच काढतो’. कधी विचारता? पत्रावळ पुढे करताना. मागे रांग आहे, मूल भुकेलं आहे, समोरच्या माणसाच्या हातात वाढायचा डाव आहे. त्या क्षणी ‘नको’ म्हणायची ताकद कोणात असते? गरजू माणूस नाही म्हणत नाही, मान खाली घालतो, आणि ती खाली गेलेली मान व्हिडिओत ‘कृतज्ञता’ म्हणून दिसते. रांगेत घेतलेली संमती मी संमती मानत नाही. खरोखर कोणाची गोष्ट सांगायची असेल तर आधी जेवण होऊ द्या. नंतर, वाटपात नसलेल्या माणसानं, शांतपणे, त्यांच्या भाषेत विचारावं. फोटो कुठे टाकणार, कोण बघणार, हे सांगावं. काढलेला फोटो त्यांना दाखवावा. ‘नको असेल तरी पुढच्या वेळी जेवण मिळेलच’ हे वाक्य उच्चारावं, कारण ते उच्चारल्याशिवाय त्यांना तसं वाटत नाही. आणि नंतर त्यांनी फोन करून काढा म्हटलं तर त्याच दिवशी काढावा.

लहान मुलांच्या बाबतीत तर एवढीही सूट नको. बालगृहात वाढदिवस साजरा करून मुलांचे चेहरे टाकणाऱ्या सुशिक्षित मंडळींना बहुतेक वेळा माहीतच नसतं की २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई केली आहे, आणि त्यासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे; संमतीशिवाय त्यांची स्थिती उघड करता येत नाही. कॅन्सरच्या रुग्णाला असं वेगळ्या कायद्याचं कवच नाही, म्हणून आपण मोकळे झालो असं होत नाही.

आता दुसरी गोष्ट. कॅमेऱ्यामुळे मदत कशी वाकते, हे बाहेरून चटकन कळत नाही. जे चांगलं दिसतं तेच दिलं जातं. जेवण दिसतं, ब्लँकेट दिसतं, खुर्चीवर बसवलेला रुग्ण दिसतो. रविवारी दुपारी त्या रस्त्यावर एकामागून एक गाड्या येतात, पुलाव आणि बुंदी उरते, आणि मंगळवारी रात्री केमो घेऊन आलेल्या मुलाला कोणी गरम पेज देत नाही. शिवाय केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी झालेल्या रुग्णाला उघड्यावरचं, तेलकट, कधी शिजवलं ते माहीत नसलेलं अन्न चालत नाही. ताजं, स्वच्छ, साधं अन्न लागतं. म्हणून चूल आणि भांडी मिळणारी धर्मशाळेतली एक खोली रोजच्या पंगतीपेक्षा मोलाची असते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करुग्णांना आसरा देते, ती याच गरजेतून.

रक्ताचंही तेच. नेत्यांचे वाढदिवस, २६ जानेवारी, १ मे, गणपती, या दिवसांभोवती ‘भव्य रक्तदान शिबिरं’ दाटीनं होतात, भले मोठे फलक लागतात. संपूर्ण रक्त साधारण ३५ दिवस टिकतं, वेगळ्या केलेल्या तांबड्या पेशी योग्य द्रावणात ४२ दिवस, आणि कर्करुग्णांना ज्या सतत लागतात त्या प्लेटलेट फक्त ५ दिवस. म्हणजे एका दिवशी हजार पिशव्या गोळा करून पुढच्या सुट्टीतल्या टंचाईचा प्रश्न सुटत नाही. मशीनवर प्लेटलेट देणारा माणूस नियमात बसून वर्षाला २४ वेळा देऊ शकतो. तो आडवारी ऑफिसातून लवकर निघून येतो, तास-दीड तास सुई लावून पडून राहतो आणि बिस्किट खाऊन लोकल पकडतो. त्याचा फलक कुठे लागत नाही. त्याचा फलक लागावा, असं मला मनापासून वाटतं.

जूनमधल्या वह्यावाटपाबद्दल थोडक्यात सांगते. महापालिकेच्या शाळांत मुलांना वह्या-दप्तरासह २७ शालेय वस्तू मोफत मिळतात. तिथेच पुन्हा मुखपृष्ठावर कोणाचा तरी फोटो छापलेल्या वह्या वाटायच्या, आणि ज्या खाजगी अनुदानित शाळेत गरज आहे तिथे जायचं नाही, कारण तो आपला वॉर्ड नाही. मूल वर्षभर त्या चेहऱ्याखाली आपलं नाव लिहितं. माझ्याकडे अशा वह्या आल्या तर मी त्या परत पाठवत नाही. खाकी कव्हर घालून देते.

मग कोणती मदत दिसत नाही? उदाहरणार्थ, उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत असते. त्यासाठी ठरावीक नमुन्यातला दाखला रुग्णालयाकडून भरून घ्यावा लागतो. कित्येक घरांना हे पहिल्या फेरीत कळतच नाही आणि ती उसने पैसे काढून तिकीट घेतात. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात, पण तिथे रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, खर्चाचं अंदाजपत्रक घेऊन कोणीतरी दोन-तीन दिवस खेटे घालावे लागतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नाव बसवायचं तर कागद जुळवावे लागतात. आधार आणि रेशनकार्डावरचं स्पेलिंग वेगळं निघालं की सगळं अडतं. ट्रस्टांच्या यादीप्रमाणे फाइल घेऊन शहरभर फिरताना गावाकडच्या माणसाला चर्चगेट आणि सीएसएमटी यांतला फरकही माहीत नसतो. त्याच्यासोबत एक दिवस फिरणं हे मोठं दान आहे, आणि त्यात चित्र घेण्यासारखं काहीही नाही.

शिवाय हे सगळं लांबत जातं. अनेक केमो दर २१ दिवसांनी असतात आणि त्यांच्या फेऱ्या महिनोन्‌महिने चालतात. पहिल्या फेरीला गाडी करून देणारे, फळं आणणारे, धीर देणारे भरपूर असतात. चौथ्या फेरीला केस गेलेले असतात, तोंड आलेलं असतं, माणूस चिडचिडा झालेला असतो, त्याला कोणाशी बोलायचं नसतं. तेव्हा कोण येतं? हेतूबद्दल मला जे काही कळलं ते इथे कळलं. ज्याला दाद हवी असते तो दाद आटली की थांबतो, आणि रुग्णाला मात्र सवय लागलेली असते की हे दादा येतील. ही वाट बघायला लावणं मदत न करण्याहून वाईट आहे. मित्राला तोलायचंच असेल तर एवढंच बघा की व्हिडिओ न काढता तो गेल्या वर्षात तिथे गेला का, आणि एखाद्या कुटुंबाचं नाव, गाव आणि पुढची तारीख त्याला पाठ आहे का. असेल, तर त्याच्या रीलवरून त्याला स्वार्थी ठरवायची घाई करू नका.

त्याचा मुद्दा मी उडवून लावत नाही. बघून लोक पुढे येतात, हे खरं आहे. गाडगे महाराज हजारोंच्या पुढे कीर्तनात उभे राहून लोकांना देण्याची हाक घालत आणि त्या पैशातून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. गरज जाहीरपणे सांगण्यात त्यांना संकोच नव्हता. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून धावते आणि तिच्या निमित्तानं कितीतरी माणसं ओळखीच्या लोकांकडे उघडपणे एखाद्या संस्थेसाठी पैसे मागतात. मागणारा स्वतः घाम गाळतो, स्वतःचा चेहरा पुढे करतो, लाभार्थ्याचा नाही. अशा प्रसिद्धीला माझा पाठिंबा आहे.

या हाताचं त्या हाताला कळू नये, ही शिकवण मला प्रिय आहे. तरी गुप्तदान म्हणजे आपोआप शुद्ध दान असंही मी मानत नाही. निनावी पैशाच्या आडून काय काय चालतं हे आयकर खात्याला माहीत आहे, म्हणूनच धर्मादाय संस्थांना मिळणाऱ्या निनावी देणग्यांवर ठरावीक मर्यादेपलीकडे ३० टक्के कर आहे. २००० रुपयांवरची देणगी रोख दिली तर देणाऱ्याला करातली वजावट मिळत नाही, तेही त्याच कारणानं. नोंदणीकृत ट्रस्टला धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावे लागतात. हिशेब जाहीर असणं हे कर्तव्यच आहे. तुमचा ग्रुप नोंदलेला नसणार. पैसे कोणाच्या तरी खात्यावर जमत असतील. तर किती जमले, किती खर्चले, किती उरले, हे दर वेळी सगळ्यांना लिहून पाठवायचा आग्रह धरा. हेतूवरच्या भांडणापेक्षा हा आग्रह जास्त उपयोगाचा आहे.

कंपन्यांच्या बाबतीत कायद्यानं हाच मार्ग धरलाय. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. संचालकांच्या पोटात दया आहे का, हे कोणी विचारत नाही. पण आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व नियमांनुसार या सामाजिक खर्चात (सीएसआर) धरलं जात नाही. मनात शिरायचं नाही, कामाची फळं कोणाकडे जातात ते बघायचं.

राहता राहिला तुमच्या अधिकाराचा प्रश्न. ‘तू काय करतोस’ हा टोला मित्रानं मारला, पण त्यामुळे मुद्दा खोटा पडत नाही. ज्याचा चेहरा वापरला जातो तो बोलू शकत नाही. त्याच्या वतीनं कोणीही बोलू शकतो, दमडीही न देणारा सुद्धा. मात्र तुम्ही स्वतः परळला जाता की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. जात नसाल तर पुढच्या वेळी जा. भांडणात जिंकायला म्हणून नको. नुसतं ‘हेतू शुद्ध नाही’ म्हणून घरी बसणारेही मी खूप पाहिले, आणि त्यांच्या शुद्धतेनं कोणाची एक दिवसाची औषधंही आली नाहीत. तिथे उभे राहाल तर रांगेतली माणसं कॅमेरा वळल्यावर काय करतात ते दिसेल. बायका पदर पुढे ओढतात. पुरुष पाठ फिरवतात. काही जण रांग सोडून निघून जातात, न जेवता. हे मित्राला दाखवा. व्हिडिओ काढणाऱ्याची नजर स्क्रीनवर असते, त्याला हे खरंच दिसलेलं नसतं.

त्याच्याशी बोलताना ‘तुझा हेतू’ हे शब्द वापरू नका. चारचौघांत तर मुळीच नको. दोघंच लोकलनं जाताना बोला. त्याला सांगा की रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन आधी विचारू या, कोणत्या दिवशी जेवण कमी पडतं, कोणाला कसं अन्न चालतं. तिथली माणसं कामात बुडालेली असतात, पण असा प्रश्न घेऊन येणाऱ्याला नीट उत्तर देतात. रविवार सोडून आडवार मिळाला, तर ग्रुपमधले निम्मे गळतील, गळू देत. आणि त्याची व्हिडिओची हौस मारू नका. त्याला ऐकणारी माणसं आहेत, हे त्याच्याकडचं भांडवल आहे. रेल्वेच्या सवलतीचा दाखला कुठे मिळतो, कोणाची सही लागते, तिकीट काढताना काय दाखवायचं, सोबत्याला किती सूट, हे त्यानं स्वतः कॅमेऱ्यासमोर उभं राहून एका मिनिटात मराठीत आणि एका मिनिटात हिंदीत सांगावं. बिहारहून निघायच्या आधी ते एखाद्या घरी पोहोचलं, तर त्या घराचे भाड्याचे पैसे औषधाला राहतील.